अंदाज फक्त मिठाचा

बाईंना कुणी मदत केलेली खपायची नाही, आणि मदतीशिवाय त्यांचं काम व्हायचं नाही. या अडचणीतून माझी नेमणूक झाली.

आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहत होतो. मी मुलाकडे नातू सांभाळायला आले होते. मुलगा आणि सून आपापल्या गाड्या काढून कामाला जायचे, नातू शाळेत, आणि मी खिडकीत. समोरच्या घरात बाई एकट्या राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. जन्मभर इथल्या इस्पितळांत भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून नोकरी केलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर अ‍ॅशबर्नला. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसले. मोठ्या पिकअप गाडीच्या मागून दोन पाय बाहेर आलेले, पायात पांढरे बूट, आणि पाय हलत नव्हते.

मी रस्ता ओलांडून गेले आणि वाकून विचारलं, "जिवंत आहात का?"

"आहे," खालून आवाज आला. "तो मोठा पाना द्या. तो नाही, शेजारचा."

मी मराठीत विचारलं, कारण मला दुसरं काही येत नाही. उत्तर मराठीत आलं. त्याचं त्या वेळी दोघींनाही नवल वाटलं नाही. पाना दिला. थोड्या वेळाने बाई सरपटत बाहेर आल्या. डोक्यावर ऑपरेशन थिएटरात घालतात ती हिरवी टोपी, नाकाला ग्रीस. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

मला वाटलं, आता चहा मिळणार. म्हटलं, "सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, त्यावर काही नाही."

"उत्तम," म्हणाल्या, आणि परत गाडीखाली गेल्या.

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या. भूल द्यायची तर पेशंटचं पोट रिकामं लागतं, म्हणून चाळीस वर्षं रोज सकाळी हेच विचारून तोंडाला सवय पडलेली. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेल्या बायका लाजून म्हणायच्या, "नाही हो, सकाळपासून काहीच नाही पोटात." बाई म्हणायच्या, "उत्तम." तिळाच्या एका वडीपलीकडे त्या घरातून काही बाहेर यायचं नाही. कॅरीत त्यांचं नाव या एका गोष्टीवरून जास्त झालं होतं.

त्यांच्याकडे ट्रेलर होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, मोरी, संडास, सगळं आत. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा. आमच्या वसाहतीच्या कमिटीला असली वस्तू दारात उभी केलेली चालायची नाही, म्हणून एरवी तो गावाबाहेर भाड्याच्या जागेत असायचा आणि कामापुरता बाई त्याला घरी आणायच्या. एकट्या बाईमाणसाला हे कशाला हवं, असं लोक म्हणायचे. मीही विचारलं.

"माझं सगळं आयुष्य बिनखिडकीच्या खोलीत गेलं," बाई म्हणाल्या. "आणि समोर झोपलेली माणसं. आता खिडकीतून बघायचं आहे, आणि जागं काहीतरी बघायचं आहे." ट्रेलर घेताना त्यांनी पलंग बघितला नव्हता, शेगडी बघितली नव्हती. खिडक्या मोजल्या होत्या.

आता ते काम काय होतं ते सांगते, नाहीतर बाई कळायच्या नाहीत.

ट्रेलरचं तोंड गाडीच्या मागे एका लोखंडी गोळ्यावर बसतं. तोंडाचं ओझं गोळ्यावर आलं की गाडीचा मागचा भाग खाली दबतो आणि पुढचा वर उचलला जातो. पुढची चाकं हलकी झाली की गाडी वळवायला नीट वळत नाही. दुकानवाल्याने घाईघाईत जोडून दिलेला ट्रेलर बाईंनी पहिल्या दिवशी घरी आणला, तेव्हा गाडीचे दिवे रस्त्यावर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. "चाक हातात होतं, पण हातात काही नव्हतं," असं त्या सांगायच्या. ते टाळायला एक खास जोड मिळतो. त्यातून दोन जाड लोखंडी दांडे मागे ट्रेलरच्या खाली जातात आणि त्यांची टोकं साखळ्यांनी वर ताणून बांधतात. ताण बरोबर बसला की मागच्या चाकांवर पडलेलं ओझं पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून जातं. कमी ताणलं तर उपयोग नाही, जास्त ताणलं तर ते वेगळंच दुखणं. जोडाच्या डोक्यामागे वॉशर घालून त्याचा कल बदलायचा, साखळीची कडी एक अलीकडे घ्यायची की पलीकडे ते ठरवायचं, परत जोडायचं, परत बघायचं.

आणि ट्रेलरमधलं सामानही बघायचं. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर जातं. इथेही तसंच. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की गाडीलाही घेऊन जातो. हे मला बैलगाडीमुळे ठाऊक होतं, बाईंना पुस्तकांमुळे. दोघींचं एकच मत असल्याने बोलायची गरज पडली नाही.

न बोलणं हीच माझी लायकी होती. ट्रेलर सपाट उभा आहे की नाही हे बघायला बाई सलाइनची नळी वापरायच्या. लांब नळी, तिच्यात कुंकू कालवलेलं पाणी. एक टोक ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याला त्या धरायच्या, दुसरं मागच्या कोपऱ्याला मी. दोन्हीकडे लाल पाणी ट्रेलरवरच्या रंगीत पट्ट्यापासून सारख्याच उंचीवर आलं की सपाट. आमच्या गावात गवंडी हेच करतो, फक्त त्याची नळी इस्पितळातली नसते. पाणी स्थिर व्हायला धरणाऱ्याने स्थिर राहावं लागतं आणि तोंड बंद ठेवावं लागतं. घरी मी बोलते ते सुनेला आवडायचं नाही. इथे मी बोलत नाही म्हणून निवड झाली.

बाईंचा नियम असा की जोडणी चालू असताना कुणी त्यांच्याशी बोललं, तर झालेलं सगळं सोडायचं आणि परत पहिल्यापासून सुरू करायचं. "भूल देताना कुणी मध्ये बोललं की मी थांबायची," त्या म्हणायच्या. "बोलताना एक गोष्ट राहून जाते. कोणती राहिली ते नंतर कळतं."

एकदा मराठी मंडळातले एक गृहस्थ आले. निवृत्त इंजिनिअर, चांगले सालस माणूस. बाई साखळी ओढत होत्या.

"मॅडम, याची थिअरी अशी आहे," गृहस्थ म्हणाले.

बाईंनी साखळी सोडली, दांडा काढला, ट्रेलरचं तोंड जॅकवर उचललं, गाडी पुढे घेतली, आणि पुन्हा मागे आणून जोडायला सुरुवात केली. गृहस्थ बघत राहिले. परत साखळीपर्यंत आल्यावर त्यांना राहवेना. "नाही, मी एवढंच म्हणत होतो..."

बाईंनी साखळी सोडली.

तिसऱ्या वेळी ते बोलणार तोच मी त्यांना घडीची खुर्ची दिली आणि तोंडावर बोट ठेवलं. शेवटपर्यंत बसले बिचारे. जाताना फाटकाबाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "काकू, यांचे पेशंट सुखी असतील, पण सर्जनचे फार हाल होत असणार."

दांड्याच्या साखळ्या वर बसवायला लोक लांब नळकांडं लावून जोर करतात. कुणाचं मनगट मोडतं, कुणाचे दात जातात. बाई आधी जॅकने ट्रेलरचं तोंड आणि गाडीची मागची बाजू दोन्ही एकदम उचलायच्या, मग साखळी पोरीची वेणी घालावी तशी बसायची. "जोर लागला की समजायचं, आधीचं काहीतरी चुकलंय," हे त्यांचं म्हणणं. मी ते घरात भांड्यांच्या झाकणांनाही लावून पाहिलं आहे. बरोबर आहे.

त्यांचं दुसरं म्हणणं, "अंदाज फक्त मिठाचा करावा. बाकी सगळं मोजावं." यात एक अडचण होती. त्यांचं मीठ कायम चुकायचं. त्यांच्या हातची वांग्याची भाजी मी एकदा खाल्ली, परत नाही. तोंडावर सांगितलं. म्हणाल्या, "म्हणून तर बाकीचं मोजते."

मला त्यांनी कधी थँक्यू म्हटलं नाही. मलाही ते नको होतं. इथे लोक दार धरलं तरी थँक्यू म्हणतात आणि मेलं तरी दोन दिवस कळत नाही.

त्यांच्या मुलाला ट्रेलर विकायचा होता. मुलगा वाईट नव्हता. काळजी करणारा होता, आणि काळजी करणाऱ्या माणसाइतका त्रास कुणी देत नाही. सत्तरीला आलेली आई, एकटी, एवढं धूड मागे लावून मोठ्या रस्त्यावर जाणार, याने त्याची झोप उडाली होती. रोज फोन करायचा. शेवटी त्याने रॅलेमधलं एक गिऱ्हाईक बघितलं आणि आईला सांगितलं, "एक ट्रिप माझ्यासमोर कर. मी शेजारी बसतो. ट्रेलर एकदा जरी हलला, तरी विकायचा. डील?"

"हलला तर मीच विकीन," बाई म्हणाल्या.

ठरलं. ॲशव्हिलच्या बाजूला डोंगरात जायचं, तिथल्या कॅम्पवर जागा घेऊन ठेवली. पानं पिवळी-लाल व्हायचे दिवस होते. बाईंनी मलाही घेतलं. कशाला, हे सांगितलं नाही, पण नळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी सगळं बसवलं. बाईंची एक काठी होती, ती पुढच्या चाकाशेजारी जमिनीवर उभी धरायची आणि गाडीचा मडगार्ड कुठपर्यंत येतो तिथे इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी लावायची. एक पट्टी ट्रेलर जोडण्याआधीची, एक जोडल्यावरची, ती वर. साखळ्या ताणल्यावर मडगार्ड खाली येऊन पहिल्या पट्टीशी जमला की झालं. त्या संध्याकाळी जमला. बाईंनी टोपी काढली.

बाईंचा मुलगा आणि सून त्याच संध्याकाळी अ‍ॅशबर्नहून आले. सून पुण्याची, कंप्युटरवाली, गोड मुलगी. सकाळी बाई आंघोळीला गेल्या तेवढ्यात दोघांनी आपल्या गाडीतलं सामान ट्रेलरमध्ये नेलं. मी घरून माझी पिशवी घेऊन आले तेव्हा सगळे निघायच्या तयारीत होते.

बाई केस बांधत बाहेर आल्या. गाडीचं दार उघडण्याआधी त्यांनी काठी घेतली आणि चाकाशी धरली.

"आई, काल सगळं सेट केलंस ना?" मुलगा म्हणाला. "लेट्स गो. चेक-इनची वेळ आहे तिथे."

बाई वाकून बघत होत्या. मडगार्ड पहिल्या पट्टीच्याही खाली गेला होता. चांगला बोटभर.

"हे काल इथे नव्हतं," त्या म्हणाल्या.

मुलगा जवळ आला. आवाज मऊ केला. मऊ आवाज जास्त लागतो. "काल मोजताना चुकलं असेल, आई. होतं या वयात. त्यात काय एवढं."

हीच ती जागा होती. ट्रेलर रस्त्यावर हलायची गरजच उरली नव्हती. आई विसरते, आईला आता जमत नाही, एवढं सिद्ध झालं की तेवढ्यावर सौदा होणार होता. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी काठीची जागा बदलून पुन्हा धरली. पुन्हा बोटभर खाली.

"मागच्या पलंगाखाली कुणी काय ठेवलंय?"

"काही नाही, आई," सून म्हणाली. "थोडंसं खायचं. बेसिकच."

"जड आहे."

"तुम्हाला इथून कसं कळलं?"

"पुढचा भाग खाली गेला म्हणजे मागून गाडीवरचं वजन उचललं गेलं. म्हणजे ट्रेलरचं शेपूट जड झालंय. उघडा."

उघडलं. तांदळाचं अख्खं पोतं, कणकेची मोठी पिशवी, दोन कुकर, इडलीचं भांडं, आमरसाचे डबे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, आणि सगळ्याच्या तळाशी इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर. चार दिवसांसाठी. प्रवासाला निघताना आपली माणसं देशांतर करतात.

मुलगा थोडा वरमला, पण हटला नाही. "ओके, थोडं हेवी आहे. तिथे गेल्यावर काढू. हळू चालव ना यार, आई. आता सगळं उघडत बसलीस तर ट्रिप कॅन्सल. आणि ट्रिप कॅन्सल झाली तर मी त्या माणसाला फोन करतो. आपलं तसं ठरलंय."

त्याने खिशातून फोन काढला आणि उघडला. तेव्हा फोनला घडी असायची.

बाई रागावल्या की त्यांच्या तोंडून नागपूर निघायचं. "काहून रे बापा, मला धमकी देतो का? कर फोन. विकायचा तर वीक. पण असा ट्रेलर मी रस्त्यावर नेणार नाही. माझ्या पुढे-मागेही लोकांची पोरं असतात."

आणि त्यांनी हिरवी टोपी डोक्यावर घातली.

मला डोळे भिजवणारं बोलणं आवडत नाही, म्हणून एवढंच लिहिते. त्या बाईंचं जगात जे एक खूळ होतं ते त्या क्षणी हातातून जात होतं. नुसतं दार उघडून बसल्या असत्या, हळू चालवलं असतं, कदाचित निभावलंही असतं. त्यांनी साखळी सोडली.

पोतं आणि डबे मी आणि सुनेने उचलून चाकांच्या वर, जरा पुढच्या अंगाला ठेवले. ग्राइंडर बाईंनी बाहेर ठेवायला लावला.

"पण आई, इडलीचं पीठ?" सून म्हणाली.

"या देशात इडलीवाचून कुणी मेल्याचं मी चाळीस वर्षांत बघितलं नाही. आणि मेलेले मी बघितलेत."

ग्राइंडर बाईंच्या गॅरेजमध्ये गेला. बाई जॅक, गोळा, दांडे, साखळ्या, सगळं क्रमाने पहिल्यापासून करायला लागल्या. मुलगा फोन हातात धरून उभा होता. मध्येच म्हणाला, "आई, निदान मी ते..." बाईंनी दांडा काढून खाली ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर तो पदपथाच्या कडेला जाऊन बसला. फोन मांडीवर होता. लावला नाही. ऊन चांगलं वर आलं. शेवटी बाईंनी काठी धरली, आणि मडगार्ड पट्टीशी येऊन टेकला.

"शेवटचं कधी खाल्लंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आत्ताच. बसल्या बसल्या तीन पराठे खाल्ले. करणार काय?"

"हं," बाई म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. या वेळी उत्तम म्हणाल्या नाहीत.

मुलगा पुढे शेजारी बसला, मी आणि सून मागे. तो आरशातून ट्रेलरवर डोळे लावून होता. मोठे ट्रक शेजारून जायचे. असा ट्रक जाताना हवा आधी ढकलते आणि मग ओढते, ते मला बसल्या जागी कळत होतं. मागे ट्रेलर मात्र म्हशीसारखा मुकाट येत होता. बाईंचे हात चाकावर सैल होते.

डोंगर दिसायला लागले तेव्हा पुढून घोरण्याचा आवाज आला. पहारेकरी झोपला होता. तोंड उघडं, मान दाराकडे, घडीचा फोन पायाशी पडलेला. सून हसायला लागली. बाईंनी आरशातून आमच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग एकदा त्याच्याकडे, छाती वरखाली होते आहे ना एवढं बघावं तसं बघितलं, आणि परत रस्त्याकडे. घाट चढला, उतरला, एवढी वळणं झाली. तो उठला नाही.

कॅम्पवर पोचून बाईंनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, तेव्हा तो डोळे चोळत खाली उतरला.

"पोचलो? हलला का गं कुठे?"

"मला काय विचारतोस," बाई म्हणाल्या. "बघायला तू बसला होतास."

तो गाडीकडे वळला. मग गाडीतून फोन शोधून काढला, झाडांकडे गेला, कुणाशीतरी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि परत आला. मी नळी घेऊन ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याला उभी होते. त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि बरोबर कोपऱ्याला लावली. मी खुर्ची उघडून बसले. पलीकडच्या टोकाला बाई वाकून पाण्याकडे बघत होत्या. लाल पाणी वर-खाली होत होत थांबायला आलं होतं.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी आपण ना..."

बाईंनी नळी खाली ठेवली.

"परत पहिल्यापासून," म्हणाल्या.